पी येच पाणी

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. बी.एस्सी.चा निकाल हातात पडला आणि त्याच उन्हाळ्यात मला लोणारजवळच्या बीबी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. माझे वडील बुलढाण्याला कोर्टात कारकून. मुलगी एकटी खेड्यात राहणार हे त्यांना पचेना, म्हणून ते स्वतः सोबत आले. गावाच्या कडेला भाजीपाला पिकवणाऱ्या एका जोडप्याच्या घराची पुढची खोली त्यांनी मला ठरवून दिली आणि निघताना त्या दोघांना तीनतीनदा सांगितलं, "पोरीकडे लक्ष असू द्या."

लक्ष त्यांनी भरपूर दिलं. मला पाणी भरू देत नसत, एकटीला जेवू देत नसत. घरधन्याला सगळे आबा म्हणत, त्यांच्या बायकोला माय. मीही तसंच म्हणायला लागले. मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या, घरात ही दोघंच. घरामागे विहीर, विहिरीभोवती वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला लिंबाची झाडं. आबांचा जीव त्या लिंबांत. बाजाराच्या दिवशी ते लिंबं फडक्यानं पुसून पाटीत मांडत आणि गिऱ्हाइकानं भाव करायला सुरुवात केली की आधी एक कापून त्याच्या नाकाशी धरत.

बांधापलीकडचा मळा मायच्या धाकट्या भावाचा. गाव त्याला मामा म्हणायचं. मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा सगळीकडेच चालते, पण या दोघांनी ती नेमानं चालवली होती. वांगं कोणाचं मोठं, बैल कोणाचा चांगला, पाऊस आधी कोणाच्या वावरात पडला, कशावरूनही जुंपायची. माय मध्ये बसून दोघांना भाकरी वाढायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमचे हेडमास्तर जिल्ह्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आले. खरं तर मी जायचं, पण मी नवीन, म्हणून ते गेले. ते स्वतः संस्कृतचे. येताना त्यांनी एक चिमुकलं पुस्तक आणलं. त्यात पिवळट कागदाच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्यावर एक ते चौदा आकड्यांपुढे रंगांचे चौकोन. एकाला लाल, मग नारिंगी, पिवळा, साताला हिरवा, पुढे निळा, आणि शेवटी जांभळा.

"बाई, हे पीएच," ते म्हणाले. "काय असतं ते त्यांनी सांगितलं, पण तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. तुम्ही पाहा."

मला कोण आनंद झाला! कॉलेजात हा कागद आमच्या सरांच्या कुलपात असायचा आणि त्यातली अर्धी पट्टी मिळाली तरी आम्ही स्वतःला धन्य समजायचो. आता अख्खं पुस्तक माझं. मी ते घरी आणलं आणि हात धुवायच्या आधी आबांच्या विहिरीच्या पाण्यात एक पट्टी बुडवली. हिरवी झाली.

"काय निंगालं?" आबांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं. "छान आहे."

"अन् याले म्हणतात काय?"

"पीएच."

"पी येच?" आबा खूश झाले. "पी, येच पाणी पी! म्हंजे कागदच सांगून राह्यला, का येच प्या म्हणून!"

मी हसले. तिथंच समजावून सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात मामा बांध ओलांडून आले. त्यांनी पट्टी पाहिली, पुठ्ठा पाहिला आणि घरी जाऊन आपल्या विहिरीचं पाणी तांब्याभर घेऊन आले. त्यांच्या पाण्यात पट्टी हिरव्याकडून जरा निळ्याकडे गेली. आकडा आठ.

"आठ!" मामा ओरडले. "दाजी, तुमचे सात, माह्ये आठ. एक मार्क जास्त!"

"मार्क नाहीत ते मामा," मी म्हटलं. "सात म्हणजे मधलं. ना आंबट, ना खारं. त्याच्या खाली आंबट, वर..."

पण मामा बांधापलीकडे पोचलेसुद्धा होते. तिकडून मामीला सांगत असलेलं आम्हाला ऐकू येत होतं, "सरकारी कागदानं आठ देले. चौदापैकी आठ!"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीपुढे रांग लागली. कोणी गडवा, कोणी वाटी, कोणी पानाच्या द्रोणात काहीतरी घेऊन येई. मीही तरुण, उत्साही, कोणाला नाही म्हणवेना. पट्ट्या कात्रीनं उभ्या चिरून पुरवल्या. ताक चारावर आलं. ताक घेऊन आलेल्या म्हातारीनं विचारलं, "पास व्हायले किती लागते?" मी काही बोलायच्या आत शेजारच्यानं सांगितलं, "पाच लागत असतीन." म्हातारी वाटी उचलून रागानं निघून गेली. चिंचेच्या कोळाला तीन मिळाले. कपडे धुवायच्या सोड्याला अकरा मिळाले, तेव्हा किराणा दुकानदारानं मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू त्याचा मुलगाच जिल्ह्यात पहिला आला.

दूधवाल्याचं दूध सहा आणि सातच्या मध्ये आलं.

"पाणी सात, अन् दूध साडेसहा?" तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे बाई, दुधात पाणी टाकलं का मार्क वाढतीन!"

"अरे, तसं नाही..."

"मी उगाच बदनाम," तो लोकांकडे वळून म्हणाला. "मी तर दूध सुधरवून राह्यलो."

मी रोज सांगत होते की हे मार्क नाहीत. रोज सगळे मान डोलावत होते आणि रोज एकमेकांना मार्क विचारत होते. आमच्या अकरावीच्या वर्गातल्या मुलांना मात्र चटकन कळलं. पण कळलं हे दाखवण्यात मजा नाही हेही त्यांना कळलं होतं.

आणि मग मामांनी तो डाव टाकला. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, चार माणसं अंगणात बसलेली पाहून, ते म्हणाले, "बाई, दाजीच्या लिंबाचं तपासलं का नाई?"

आबांनी स्वतः लिंबू निवडून आणलं. मोठं, पिवळंधमक, पातळ सालीचं. कापलं, पट्टीवर पिळलं. पट्टी लालभडक झाली. मला लपवताही येईना. सगळ्यांनी पुठ्ठ्यावर वाकून पाहिलं.

"दोन," मामा सावकाश म्हणाले. "चौदापैकी दोन. बाप्पा!"

हशा पिकला. आबाही हसले, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. मी घाईघाईनं म्हटलं की लिंबू आंबटच हवं, दोन असणं हीच त्याची थोरवी. पण माझं ते बोलणं नापास झालेल्या पोराच्या आईबापांना मास्तर जे सांगतो तसलं वाटलं असावं. रात्री आबा भाकरीवर लिंबू पिळून न घेता जेवले. मायनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात मामांनी ही बातमी भाजीच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. आबांच्या पाटीशी येऊन लोक विचारायला लागले, "आबा, नापासवाले कोणते?"

त्यानंतर आबांनी कागदाचं नाव काढलं नाही. मला बरं वाटलं, विषय संपला म्हणून. पण रविवारी सकाळी ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात पाण्याचा पेला.

"बाई, आपल्या घरचं पाणी फिरून तपासा बरं."

"आबा, तपासलंय की. सात."

"मंग कागद नवा होता. फिरून पाहा."

पट्टी बुडवली तर सरळ निळी. दहाच्या आसपास. मी पेला उजेडात धरला. पाणी जरा गढूळ वाटलं.

"दहा!" आबांनी बांधाकडे तोंड करून आरोळी ठोकली. "साळेबुवा, या इकडं! दहा देले कागदानं! आज जेवाले आमच्या घरीच या, दहा मार्काचं पाणी पाजतो!"

पाणी एकदम तीन आकड्यांनी कसं वाढलं ते मला समजेना. विहिरीत काही पडलं की काय, म्हणून मी विहिरीवर जाऊन वाकून पाहून आले. तिथलं पाणी तपासलं, ते सातच. मी परत येते तो स्वयंपाकघरातून मायची हाक, "पोरी, इकडं ये बरं जरा. ह्या वरणाले काय झालं पाहून सांग."

चुलीवरचं वरण लालसर झालं होतं. पिवळं असायचं ते विटकरी. डाळ शिजून पार चिखल. शेजारी चहाचं पातेलं होतं, त्यातला चहा काळाकुट्ट.

"हळद तर तीच टाकली," माय म्हणाली. "मिरचीले हात लावला नाई अजून."

हळद लाल झाली म्हटल्यावर मला सगळं कळलं. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल पडतो, ते याच कारणानं. मी रांजणाचं झाकण काढलं, पळीनं थोडं पाणी जिभेवर घेतलं. साबणासारखी बुळबुळीत, कडसर चव.

"माय, पाण्यात कोणी काही टाकलंय का?"

मायनं फळीवरचा पापडखाराचा डबा उचलला, हलवून पाहिला आणि अंगणात गेली. तिथं आबा आणि आत्ताच आलेले मामा बाजेवर बसले होते.

"अजी," माय म्हणाली, "पापडखार रांजणात कोणी टाकला?"

आबांनी आभाळाकडे पाहिलं.

"मी तुमाले विचारून राह्यली."

"उलिसा टाकला," आबा म्हणाले. "काय मोठं झालं? पापडात टाकता तवा चालते, पाण्यात नाई चालत?"

मामा बाजेवरून खाली घसरेपर्यंत हसले. मग माय भावाकडे वळली. "हसू नको. तुह्या आठाच्या पायी माह्यं वरण गेलं. आता तो रांजण तुम्ही दोघं मिळून रिता करा, घासा, अन् भरा."

दोघांनी केलं. मीही दोन घागरी ओतल्या, कारण माझाही थोडा हात होताच. रांजण भरून झाल्यावर सगळे घामाघूम होऊन बसलो असताना मी विचारलं, "मामा, लोणारच्या सरोवराचं पाणी तुम्ही पाहिलंय ना?"

"पाह्यलं म्हंजे? लहानपणापासून जातो."

"त्याला हा कागद दहा देतो. तुमच्या विहिरीपेक्षा दोन जास्त. पिता का ते?"

"तोंडात धरवत नाई ते."

"मग जास्त आकडा म्हणजे चांगलं पाणी, हे कसं?"

आबांनी मान वर केली. "मंग हा आकडा मोजते तरी काय?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी म्हटलं, "चला शाळेत."

शाळा बंद होती, पण किल्ली माझ्याकडे होती. वाटेत हेडमास्तर भेटले, तेही आले. माय म्हणाली मीही पाहते, आणि पदर खोचून आमच्याबरोबर निघाली. विज्ञानाच्या खोलीत मी चौघांना पहिल्या बाकांवर बसवलं. हेडमास्तर सवयीनं खुर्चीकडे वळले होते, मग तेही बाकावर बसले.

मी फळ्यावर लिहायला घेतलं. आंबटपणा आणणारे अगदी बारीक कण असतात, हायड्रोजनचे. लिटरभर पाण्यात ते किती आहेत हे ठरलेल्या मापानं मोजायचं. एक माप असलं तर फार झालं. बहुतेक वेळा मापाचा लहानसा भागच असतो. दहावा भाग असेल तर दहात एक शून्य, म्हणून पीएच एक. शंभरावा असेल तर दोन शून्यं, पीएच दोन. हजारावा, तीन.

"म्हंजे शून्यं मोजाची," आबा म्हणाले.

"हो. नुसती शून्यं मोजायची. शुद्ध पाण्यात किती असतात माहीत आहे? मापाचा एक कोटीवा भाग."

आबांनी बोटांवर शून्यं मोजली. "सात."

"म्हणून पाणी सात. आणि तुमचं लिंबू दोन."

आबा पुढे वाकले. बाजारात हिशेब करणारा माणूस, त्याला कागद लागत नाही. ओठ हलत होते. "लिंबात शंभरावा. पाण्यात कोटीवा. कोटीले शंभरानं भागलं..." ते उभेच राहिले. "लाख! बाई, माह्यं लिंबू पाण्याच्या लाखपट?"

"लाखपट आंबट."

"ऐकलं का बे?" आबा मामांकडे वळले. "लाखपट!"

मामांना हे सहजासहजी सोसणारं नव्हतं. ते फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बरं बाई, त्या आंबटात पाणी टाकलं तर?"

"दहापट पाणी केलं की एक शून्य वाढतं. एकाचे दोन, दोनाचे तीन." लिंबाचं आम्ल जरा कंजूस, ते आपले कण एकदम सोडत नाही, म्हणून मी कपाटातून हायड्रोक्लोरिक आम्ल काढलं आणि विहिरीचा क्षार हिशेबात यायला नको म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली घेतली. मोजपात्रानं पातळ करत गेले. पट्टी लालवरून नारिंगी, नारिंगीवरून पिवळी. आकडे वर चढत होते. माय म्हणाली, "होळीच खेळून राह्यली पोरगी."

"अन् असंच पाणी टाकत गेलं," मामांनी आवाज खाली आणला, "तर सातावून आठ होईन का?"

मी फळ्याकडे वळले. दहा कोटीवा भाग आम्ल. शून्यं आठ. पीएच आठ.

मागे मामा टाळी वाजवायच्या बेतात होते. आम्लात पाणी घालत गेलं की आम्लाची अल्कली होते? दूधवाल्याचाच सिद्धान्त मी फळ्यावर सिद्ध केला होता!

"बाई," हेडमास्तरांनी घसा खाकरला, "गणित बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे सर."

"आणि उत्तर?"

"चूक आहे."

"हे व्याकरणात होत नाही," ते म्हणाले.

कॉलेजात हे आम्हाला शिकवलं होतं का? शिकवलं असेल तर त्या दिवशी मी कुठे होते? मी फळा वरपासून पुन्हा वाचायला लागले. सगळ्यात वर, मीच आबांसाठी लिहिलेलं होतं: पाण्यात स्वतःचे कण, एक कोटीवा भाग. आणि मी खाली काय मोजलं होतं? फक्त आम्लाचे. एवढ्या पाण्यात आम्ल नावापुरतंच उरलं होतं, पाण्याचे स्वतःचे कण त्याच्या दहापट होते, आणि ते मी धरलेच नव्हते.

"मामा!" मी जवळजवळ किंचाळले. "पाण्याचे राहिले! दोन्हींची बेरीज करायची. कोटीवा भाग पाण्याचा, वर आम्लाचा थोडासा. बेरीज कोटीव्या भागापेक्षा जास्तच येणार, कमी कधी नाही. म्हणून सातापर्यंत जाईल, पण साताच्या पलीकडे नाही."

पट्टी बुडवून पाहिली. ती पिवळसर हिरव्यावर अडून बसली. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्यात थोडा मुरला असणार, त्यामुळे पूर्ण हिरवी काही होईना. पण निळी तर मुळीच झाली नाही.

घरी येऊन मी लॉगॅरिदमचं पुस्तक काढलं. नुसती बेरीज पुरत नव्हती. आम्ल आलं की पाणी आपले कण जरा आवरतं घेतं, त्यामुळे वर्गसमीकरण मांडावं लागलं. शेवटी उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन मी मामांना सांगितलं, "सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश."

मामा मिरच्यांना पाणी देत होते. "सात नाई?"

"नाही."

"दोन शतांशासाठी अडून राह्यल्या बाई? सात करा न."

"बरं, तोंडी हिशेबाला सात करते. पण आठ करणार नाही."

"साडेसात?"

"मामा!"

ते हसत पुन्हा पाटाकडे वळले.

त्या आठवड्याच्या बाजारात आबांनी पाटीपुढे बसून नवीनच आरोळी सुरू केली, "पाण्यापेक्षा लाखपट! लाखपट लिंबू!" लोकांना अर्थ कळत नव्हता, पण लाख शब्द ऐकून थांबत होते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, कशाच्या लाखपट? आबांनी त्याला शून्यं मोजायला शिकवली. तो माणूस घाईत होता, पण आबांनी कोटीपर्यंत नेल्याशिवाय सोडला नाही. मामा शेजारच्या पाटीवर बसून ऐकत होते आणि मध्येच एकदा, आबा एक शून्य विसरले तेव्हा, त्यांनीच ते भरून दिलं.

कागदाचं पुस्तक लवकरच संपलं. हेडमास्तरांनी नवं मागवलं, ते काही आलं नाही. मी वर्गात जास्वंदीच्या पाकळ्यांच्या रसावर काम भागवलं, आणि गावानं हळूहळू मार्क विचारणं सोडलं. दूधवाल्यानं मात्र आपला सिद्धान्त सोडला नाही.

पाऊस लागल्यावर एक दिवस मामा अंगणात येऊन उभे राहिले. नेहमीसारखे बसले नाहीत.

"दाजी, लिंबाची दोनचार रोपं असतीन तर द्या. बांधाले लावतो म्हणतो."

मला वाटलं, आता आबा सगळं वसूल करणार. पण ते उठले, कुदळ घेतली आणि स्वतः जाऊन मुळांशी मातीचा गोळा राखत चांगली रोपं काढून दिली. मायनं मला कोपरानं ढोसलं.

मामांच्या विहिरीच्या आठ आकड्याच्या खाऱ्या पाण्यावर त्या रोपांची पानं पिवळी पडायला लागली. ते पाहून आबा रोज सकाळी शेणखताची पाटी घेऊन बांध ओलांडू लागले. मामा झोपेतून उठायच्या आत यांचा आवाज सुरू व्हायचा, "काऊन बे, एवढं पाणी काऊन टाकलं मुळाशी? अन् ह्या झाडाले आळं कोण करीन, मी?" मामा डोळे चोळत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "करा न दाजी, आलेच आहात तर." माय तिकडेच दोघांसाठी चहा पाठवायची, आणि बहुतेक वेळा तो घेऊन जायचं काम माझ्याकडे असायचं.